परसातील खुराडे : किती जागा, किती हवा?

वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीवर अजूनही अशी हजारो घरे आहेत, जिथे पहाट कोंबड्याच्या आरवण्याने होते. वाड्या आखडल्या, विहिरींचे पाणी मचूळ झाले, शेजारी चारमजली इमारती आल्या. तरी परसातल्या दहा-बारा कोंबड्या काही घरांनी सोडलेल्या नाहीत. गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा नेहमीच चांगला भाव मिळतो. हा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो आणि मुलांची वह्या-पुस्तके, औषधपाणी, बचत गटाचा मासिक हप्ता अशा कामी लागतो. म्हणून एका रात्रीत चार-पाच कोंबड्या दगावतात, तेव्हा ते नुकसान केवळ कोंबड्यांपुरते राहत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर अशी तक्रार आमच्या कानी वारंवार येते. संध्याकाळी सर्व कोंबड्या खाऊनपिऊन आत गेल्या, सकाळी दार उघडले तर कोपऱ्यात चार मरून पडलेल्या. कोणी म्हणते मानमोडी आली, कोणी म्हणते साप शिरला, कोणाला दृष्ट लागल्याचा संशय येतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा खरोखर भयंकर रोग आहे आणि त्यावरील लस प्रत्येकाने वेळच्या वेळी टोचून घेतलीच पाहिजे. परंतु मानमोडीत कोंबड्या आधी मलूल होतात, हिरवट हगतात, श्वासाला घरघर लागते, काहींच्या माना पिळवटतात आणि मरणाचे सत्र काही दिवस चालते. आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेल्या कोंबड्या एकाच रात्रीत, एकाच कोपऱ्यात, एकमेकींवर चढलेल्या अवस्थेत मेलेल्या आढळल्या, तर प्रथम खुराड्याकडे पाहावे. पुष्कळदा दोष तिथे असतो. (कारण न कळता एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर मात्र त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि लागलीच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यात पुन्हा दिसला, हे विसरून चालणार नाही.)

आपल्याकडील खुराडे मुंगसाच्या भीतीने बांधलेले असते. जुन्या फळ्या, पत्र्याचा तुकडा, कधी एखादे मोडके कपाट. जिथे फट दिसेल तिथे चिंधी कोंबलेली. मुंगूस आत शिरता कामा नये, एवढाच विचार. तो विचार चुकीचा नाही. परंतु ज्या पेटीत मुंगूस शिरत नाही, तिच्यात वाराही शिरत नाही.

हवा का लागते?

हे समजण्यासाठी कोंबडीच्या देहाची रचना थोडी जाणून घ्यावी लागेल. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. माणसाला असतात तशा घामाच्या ग्रंथी तिला नसतात. वर पिसांचे जाड पांघरूण असते. उकाडा वाढला की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि घशातील ओलावा हवेत सोडून शरीर थंड ठेवते. ओले कापड वाऱ्यावर गार पडते, तसाच हा प्रकार आहे. आता ओले कापड पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवा आधीच दमट असेल, तर ती आणखी ओलावा घेत नाही. तेव्हा कोंबडी कितीही धापली तरी तिचे शरीर थंड होत नाही. म्हणूनच किनारपट्टीवरचा ३४ अंशांचा मे महिना कोंबडीला देशावरच्या ३८ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जड जाऊ शकतो. ओलावा अंगाजवळ साचू न देता सतत वाहून नेणारा वारा, हाच यावरचा उपाय होय.

त्यात भर कोंबड्या स्वतः घालतात. एक अंड्यावरची कोंबडी साधारण हवामानात दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. बारा कोंबड्यांचे मिळून हे सव्वादोन ते अडीच लिटर झाले. यातील थोडा भाग अंड्यात जातो. उरलेले पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते, आणि विष्ठेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. रात्रीचे बारा तास कोंबड्या आत असतात. म्हणजे आपण बंद पेटीत रोज रात्री लिटरभर पाणी शिंपडून दार लावून घेतो, असेच म्हणावे लागेल.

विष्ठा ओली राहिली की सूक्ष्म जंतू तिच्यावर काम सुरू करतात आणि तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. खुराड्याचे दार उघडताच नाकात जातो आणि डोळ्यांत पाणी आणतो, तो हाच. आपण उभे असतो. कोंबडी मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर श्वास घेते, जिथे हा वायू सर्वाधिक असतो. त्याने तिचे डोळे सुजतात, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि मग सर्दीपडशाचे रोग सहज शिरकाव करतात. पिल्लांना होणारी रक्ती हगवणही ओल्या गादीतच बळावते, कारण त्या रोगाच्या बीजांना पक्व होण्यासाठी ऊब आणि ओल दोन्ही लागतात. औषधाने ती आटोक्यात येते. पण गादी ओलीच राहिली तर पुढच्या पिल्लांना पुन्हा होते.

जागेचा हिशेब

गादी पद्धतीच्या खुराड्यात एका वाढलेल्या कोंबडीला किमान २ चौरस फूट जागा असावी, असा सर्वसाधारण मापदंड आहे. दिवसभर वाडीत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना रात्रीपुरते तेवढे पुरते. त्यामुळे बारा कोंबड्यांसाठी २४ चौरस फूट जागा पुरेशी आहे, असे कागदावर दिसते. अडचण पुढे आहे. आपल्या पट्ट्यात वर्षाला २ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. सलग तीन-चार दिवस झड लागली की कोंबड्या बाहेर पडत नाहीत. रात्रीपुरती मोजलेली जागा मग दिवसरात्रीची होते. तिथे कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, दुबळी कोंबडी खाद्यापर्यंत पोहोचत नाही, एखादीला अंडी फोडून खाण्याची सवय लागते आणि ती इतरांना लागायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. आमचे वाचक हिशेब करताना आजच्या कोंबड्या मोजतात. परंतु मे-जूनमध्ये दोन कोंबड्या खुडूक बसल्या, त्यांच्या अंड्यांतून एकवीस दिवसांनी अठरा-वीस पिल्ले निघाली, आणि ती नाताळात विकायची म्हणून राखली, तर ती वाढत असतात नेमक्या पावसाळ्यात. वनराज किंवा गिरिराज जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा मुठीत मावते. पाच-सहा महिन्यांत तेच दोन किलोंच्या घरात किंवा त्यापुढे जाते आणि गावठी कोंबडीपेक्षा अधिक जागा, अधिक हवा मागते. खुराडे सर्वांत गच्च भरलेले असते तो काळ आणि कोंबड्या सर्वाधिक वेळ आत असतात तो काळ, हे दोन्ही एकत्र येतात. यास्तव खुराडे वर्षातील सर्वांत मोठ्या संख्येसाठी बांधावे, ते जमणार नसेल तर पिल्ले कमी बसवावीत. तिसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

बारा मोठ्या कोंबड्यांसाठी एक आराखडा येथे देतो. रात्रीचे बंद खुराडे ६ फूट लांब आणि ५ फूट रुंद, म्हणजे ३० चौरस फूट. त्याला लागून १२ फूट लांब, ५ फूट रुंद असे जाळीचे अंगण, ज्याच्यावर छप्पर आहे. हे ६० चौरस फूट झाले. एकूण १८ फुटांची पट्टी कुंपणालगत सहज बसते. पावसाच्या दिवसांत प्रत्येक कोंबडीला एकूण साडेसात चौरस फूट मिळतात आणि तिला बंद खुराड्यात कोंडून राहावे लागत नाही. पुष्कळजण खुराड्यावर खर्च करतात आणि अंगणाच्या छपरावर हात आखडतात. आमच्या मते हे उलट व्हावयास हवे. पैसे कमी असतील तर खुराडे साधे करावे, परंतु अंगणावर छप्पर असावेच.

कोंबडी रात्री जमिनीवर झोपू इच्छित नाही, तिला उंचावर बसावयाचे असते. तिला बसण्यासाठी दांडी दिली की खुराड्याची उंचीही उपयोगात येते. प्रत्येकीला ८ ते १० इंच लांबी लागते. वरील खुराड्यात ६ फुटांच्या दोन दांड्या बसवल्या तर प्रत्येकीला पूर्ण एक फूट मिळते. दांड्या जमिनीपासून दोन फुटांवर, दोन्ही एकाच उंचीवर आणि एकमेकींपासून सव्वा ते दीड फूट अंतरावर असाव्यात. एक वर, एक खाली असे केल्यास वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण होते आणि खालच्यांच्या अंगावर वरच्यांची शीट पडते. गुळगुळीत बांबूवर पकड नीट बसत नाही. दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी उत्तम. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके पुरते, सुमारे एक फूट लांब-रुंद. ते अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे, अन्यथा कोंबड्या तिथेच झोपतात आणि अंडी घाण होतात.

दिशा, भिंती, छप्पर

उष्ण प्रदेशात कोंबड्यांच्या घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे सूर्य दिवसभर छपरावरून जातो आणि लांब बाजूंतून थेट आत येत नाही. आपल्या किनाऱ्यावर तिला आणखी एक कारण आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यातील दुपारचे ऊनही पश्चिमेचेच. तेव्हा पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद करावी; एकाच भिंतीने झड आणि ऊन दोन्ही अडतात. उत्तर व दक्षिण या लांब बाजू उघड्या ठेवाव्यात. अंगण पूर्वेला घ्यावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन गादीवर पडते.

उघड्या बाजू म्हणजे पूर्ण उघड्या नव्हेत. खालून दीड फूट भिंत पक्की, विटांची किंवा चिऱ्याची; त्यावर किमान साडेतीन फूट जाळी. सहा फूट लांबीच्या दोन बाजूंना मिळून ही जाळी ४२ चौरस फूट भरते, म्हणजे आतील जमिनीपेक्षाही अधिक. फळीला पाडलेल्या तीन-चार भोकांशी याची तुलना करून पाहावी. शिवाय हवा आत येण्यास जशी वाट लागते, तशी बाहेर जाण्यासही लागते. एकाच बाजूला मोठी खिडकी ठेवून उपयोग नाही. समोरासमोर वाट हवी. आणि तापलेली हवा वर चढत असल्याने छपराच्या सर्वांत उंच कडेखाली जागा मोकळी हवी.

छपराला एकच उतार द्यावा, उत्तरेकडे ७ फूट आणि दक्षिणेकडे साडेपाच फूट. दक्षिणेकडील छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट काढावे, म्हणजे पागोळ्या दूर पडतील आणि तिरका पाऊस जाळीपर्यंत पोहोचणार नाही. गरम हवा उत्तरेच्या उंच कडेखालून निघून जाते. उंचीबाबत कंजुषी करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या खुराड्यात माणसाला उभे राहता येत नाही, ते कधी स्वच्छ होत नाही. रांगत शिरून झाडण्याचा उत्साह पहिल्या महिन्यापुरता टिकतो.

मंगलोरी कौलांच्या फटींतून हवा आपोआप जाते आणि कौले पत्र्याइतकी तापत नाहीत; जुन्या घराची उतरवलेली कौले असतील तर ती येथे लावावीत. पत्राच घालायचा असल्यास त्यावर उन्हाळ्यात पेंढा किंवा माडाच्या झावळ्या पसराव्यात, बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. झाडाची सावली मिळाली तर उत्तमच, मात्र फांद्या छपराला टेकू देऊ नयेत, कारण त्यांवरून उंदीर आणि साप उतरतात.

पावसाच्या झडीसाठी दक्षिणेच्या जाळीवर वरून खाली सोडता येईल असा पडदा असावा. ताडपत्री चालेल, झावळ्यांचे विणलेले झाप त्याहून बरे, कारण त्यांतून थोडी हवा येते. पडदा जाळीच्या वरच्या टोकापर्यंत घट्ट बांधू नये. वर वीतभर मोकळे सोडावे. जून महिन्यात बांधलेली ताडपत्री सप्टेंबरात सोडणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तेवढ्याने जाळीचा सारा खर्च वाया जातो. पाऊस थांबला की पडदा वर, हा नियम घरातील मुलांना लावून द्यावा.

देशावरच्या वाचकांसाठी एक फरक सांगतो. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांजवळ उतरतो. तिथे थंड वाऱ्याचा झोत झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट येऊ नये म्हणून दांडीच्या उंचीपर्यंत जाळी झाकावी. मात्र कोंबड्यांच्या डोक्यांच्या वरची जाळी हिवाळ्यातही उघडीच राहू द्यावी. कोरडी कोंबडी पिसे फुलवून थंडी सहज सोसते. ओली हवा आणि थंडी एकत्र आल्या की आजारी पडते. थंडी आहे म्हणून सर्व बाजू गोणपाटाने बंद करणे हा उपकार नव्हे.

मुंगूस आणि जाळी

आता मुंगसाचा प्रश्न. बाजारात मिळणारी षटकोनी तारेची चिकन जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे. मुंगसाला बाहेर ठेवण्याचे काम ती नीट करीत नाही, आणि कुत्रा तर ती फाडतो. अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी महाग पडते, परंतु तिच्यातून उंदीर, साप, मुंगूस यांपैकी कोणी सहसा येत नाही. खर्च परवडत नसेल तर निदान रात्रीच्या खुराड्याला ती लावावी आणि अंगणाला साधी जाळी ठेवावी. मुंगूस खणून येतो, म्हणून जाळीचे खालचे टोक एक फूट जमिनीत गाडावे किंवा बाहेरच्या बाजूने सपाट पसरून त्यावर दगड रचावेत. अंगणाचे छप्पर आणि जाळी यांचा आणखी एक उपयोग आहे. कावळे, पारवे, बगळे खाद्यात व पाण्यात तोंड घालू शकत नाहीत, आणि रानपक्ष्यांकडून येणाऱ्या रोगांची एक वाट बंद होते.

जमीन व गादी

खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा एक फूट तरी उंच हवी. वर कोबा केल्यास धुणे सोपे जाते. त्यावर तीन-चार इंच भाताचा तूस पसरावा. आपल्याकडच्या भातगिरण्यांवर तो मिळतो. आठवड्यातून दोनदा ही गादी दाताळ्याने खालवर करावी आणि जिथे ओली होईल तेवढा भाग लगेच काढून टाकावा. पाण्याचे भांडे हेच ओलीचे मोठे कारण असते. ते बंद खुराड्यात न ठेवता अंगणात, विटांवर, कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवावे. वास येऊ लागला की काहीजण गादीत चुना मिसळतात. कोरड्या जमिनीला, भिंतींना चुना चांगला. परंतु ओल्या विष्ठेत तो मिसळल्यास अमोनिया उलट अधिक सुटतो. अशा वेळी गादी बदलणे हाच उपाय.

तपासणीच्या दोन साध्या रीती आहेत. मूठभर गादी हातात घेऊन दाबावी. मूठ उघडल्यावर ती भुरभुरत सुटली तर ठीक, लाडू वळला तर ओल जास्त आहे. दुसरी, पहाटे दार उघडल्याबरोबर आत उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर हवा अपुरी आहे, मग खुराडे कितीही नवे असो.

ज्यांची जमीन पाणथळ आहे त्यांनी चार खांबांवर उभे, पट्ट्यांच्या तळाचे खुराडे करावे. दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवली की विष्ठा खाली पडते, हवा खालूनही येते. मात्र पिल्लांचे पाय त्या फटींत अडकतात, म्हणून त्यांना तिथे ठेवू नये, आणि खाली पडलेले खत दर आठवड्याला उचलून माडांना, भाजीला घालावे.

पिल्लांना पहिल्या चार आठवड्यांत प्रत्येकी अर्धा चौरस फूट जागा पुरते आणि ऊब लागते, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. उबेसाठी खोली हवाबंद करू नये. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, कडेला पांगून धापा टाकू लागली तर उकडते, आणि सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतो आहे. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. त्याने पिल्ले मरतातच, शेजारी झोपलेल्या माणसांच्याही जिवावर बेतते.

ज्यांना नवे खुराडे बांधणे शक्य नाही, त्यांनी आहे त्याच पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंच्या वरच्या अर्ध्या फळ्या काढून तिथे अर्ध्या इंचाची जाळी ठोकावी, छप्पर वीतभर उचलून खाली विटा द्याव्यात व त्या फटीलाही जाळी लावावी. एका सुताराचे हे दिवसभराचे काम आहे. ते मे महिना संपण्यापूर्वी व्हावे, कारण पहिल्या पावसानंतर सुतार मिळत नाही आणि ओल्या फळीत खिळा टिकत नाही. महानगरपालिकेच्या हद्दीतील वाचकांनी प्रभाग कार्यालयात नियमांची चौकशी करून मगच काम सुरू करावे, आणि शक्यतो शेजाऱ्याच्या खिडकीपासून खुराडे दूर घ्यावे.